खालची कवळी

बदलापूरच्या एका कविसंमेलनात ऐन ओळीत माझी खालची कवळी उचलली गेली. ‘समुद्र’ म्हणायला गेलो आणि नुसती शीळ बाहेर पडली. पुढच्या रांगेतली पोरं हसली. मीही हसलो, पण परतताना अंबरनाथ येईपर्यंत तोंड उघडलं नाही. त, थ, द, ध, न, स या वर्णांना दंत्य का म्हणतात, ते बी. ए.ला पाठ केलं होतं, कळलं त्या रात्री.

शेजारचा मुलगा म्हणाला, “चाचा, स्क्रूचे दात बसवा, सुटाल!” म्हणून उल्हासनगरच्या दंतवैद्यांकडे गेलो.

त्यांनी आधी दुखणं समजावलं. वरची कवळी लाळेच्या पातळ थरामुळे टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला असा आधार नाही. मध्ये जीभ, आणि ती कुठं स्वस्थ बसते! शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, खालचं जास्त. यावर इलाज सापडला तो स्वीडनमध्ये. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात दिसलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसवलं. पुढे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड असावी. पुढच्या भागात दोन खुंट, त्यावर कवळी टिचबटणासारखी बसते. जीन्स शिवणाऱ्या उल्हासनगरात टिचबटण समजावावं लागत नाही. मात्र ही कवळी काढावी लागते, खुंटांभोवती रोज घासावं लागतं. वय आड येत नाही. हात थरथरत असतील तर विचार करावा.

मी खर्च विचारला. त्यांनी उलट विचारलं, तीन महिन्यांची सरासरी साखर किती? तंबाखू? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू आहे? माझी साखर निघाली ९. साखर अशी चढलेली असली, तंबाखू चालू असला, की जखम नीट भरत नाही, खुंट हाडात रुजण्याची खात्री राहत नाही. हाड किती उरलंय ते स्कॅनमध्ये दिसतं. रुजायलाही साधारण तीन ते सहा महिने.

मग त्यांनी माझी आठ वर्षांची कवळी हातात घेतली आणि तिला आतून नवं अस्तर लावून दिलं. पुष्कळांचं एवढ्यावरच भागतं म्हणे. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं! खर्चाचं म्हणाल, तर मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करता येते. फेऱ्यांची तयारी हवी.

साखर आता ७.४ वर आहे. पानातला जर्दा सुटला, पान सुटलेलं नाही. दोन खुंट बसवायचे हे ठरलंय, तारीख ठरायची आहे. पुढच्या महिन्यात बदलापूरला पुन्हा बोलावणं आहे. त्या ओळीत तूर्त ‘समुद्र’ खोडून ‘दर्या’ केलंय. मात्रा तेवढ्याच, चार.