छोट्या ट्रॅक्टरची चाके व टायर

छोट्या ट्रॅक्टरची चाके व टायर : सु. १५ ते २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास सामान्यतः छोटा ट्रॅक्टर म्हणतात. एंजिनात निर्माण झालेली शक्ती जमिनीपर्यंत पोहोचविणे, ट्रॅक्टरचा भार पेलणे, पीक न तुडविता ओळींमधून जाणे आणि उतारावर तोल राखणे ही कामे त्याच्या चाकांना एकाच वेळी करावी लागतात. या गरजा काही अंशी परस्परविरोधी आहेत. अरुंद चाक ओळींतून सहज जाते, पण मऊ जमिनीत अधिक रुतते. जवळजवळ बसविलेली चाके पीक वाचवितात, पण ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढवितात. त्यामुळे जमीन, पीक वा काम बदलले की चाकांमधील अंतर, टायरचा प्रकार किंवा त्यातील हवेचा दाब बदलणे आवश्यक ठरते. हा बदल ट्रॅक्टरच्या रचनेने घालून दिलेल्या मर्यादेतच करावा लागतो.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ही गरज विशेष जाणवते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गोदाकाठी, म्हणजे गेवराई व माजलगाव या तालुक्यांतील गंगथडीत, खोल काळी व चिकण जमीन आहे; तर बालाघाटच्या डोंगररांगांवरील पाटोदा, आष्टी, धारूर इ. तालुक्यांत मुरमाड, उथळ व उताराची जमीन बऱ्याच प्रमाणात आढळते. पाऊस वर्षाकाठी सरासरी सु. ६५० ते ७०० मिमी. पडतो व तोही बेभरवशाचा असतो. काळी जमीन ओली असताना चाकांना चिकटते आणि सुकल्यावर तिला भेगा पडतात. मशागतीस योग्य असा वापसा फार दिवस टिकत नाही. अशा थोड्या दिवसांत कोळपणी उरकण्यास छोटा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. मात्र चाके चुकीची असल्यास तो रुततो किंवा जमीन दाबून टाकतो. दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही व कोरडवाहू शेतीत हे नुकसान पुढील पिकासही भोवते.

इतिहास : आरंभीच्या ट्रॅक्टरांची चाके लोखंडी असत व त्यांच्या धावेवर टोकदार दाते बसविलेले असत. शेतात त्यांची पकड चांगली असली, तरी धक्के फार बसत, वेग कमी ठेवावा लागे व पक्के रस्ते उखडत. अमेरिकेत १९३२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवा भरलेले रबरी टायर बसविले आणि त्यानंतर काही वर्षांतच लोखंडी चाके मागे पडली. इंग्लंडमध्ये १९४६ पासून तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरमध्ये मागील चाकांमधील अंतर ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत (सु. १२२ ते १९३ सेंमी.) चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलता येई. याच धर्तीची सोय पुढे अनेक ट्रॅक्टरांत आली. भारतात १९६० नंतर ट्रॅक्टरनिर्मिती वाढली. परंतु तिचा भर दीर्घकाळ २५ अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांवर राहिला.

रचना व मापे : चाकाचे मुख्य भाग म्हणजे रिम, तिला जोडलेली बशीसारखी खोलगट डिस्क, टायर व बहुधा ट्यूब हे होत. डिस्क बोल्टांनी आसाच्या हबवर बसविलेली असते. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास पुढे ५.२०-१४ व मागे ८.००-१८ या मापांचे टायर आढळतात. मोठ्या ट्रॅक्टरांत ६.००-१६ व १३.६-२८ ही मापे प्रचलित आहेत. यांतील पहिली संख्या टायरची रुंदी व दुसरी रिमचा व्यास इंचांत दर्शविते. यांखेरीज टायरच्या कडेवर त्याची भारक्षमता दर्शविणारा प्लाय अंक छापलेला असतो. माप तेच असले, तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या टायरांचा प्रत्यक्ष घेर थोडा वेगळा असू शकतो.

मागील टायरवर लग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड तिरप्या रबरी पट्ट्या असतात. सर्वसाधारण शेतकामाच्या टायरास आर-१, खोल लग असलेल्या भातखाचराच्या टायरास आर-२, हिरवळीवरील उथळ नक्षीच्या टायरास आर-३ व बांधकामावरील टायरास आर-४ अशी संज्ञा आहे. बीड जिल्ह्यातील काळ्या जमिनीस आर-१ हा प्रकार सामान्यतः योग्य असतो, कारण लगांमधील रुंद मोकळ्या जागेतून माती निसटून पडते. दोनचाकी चालनाच्या ट्रॅक्टरात पुढील टायरावर लांबीच्या दिशेने उभ्या धारा असतात. त्या बाजूस घसरणे रोखून वळण्यास मदत करतात.

चाकांमधील अंतर : ओळी दोन्ही चाकांच्या मध्ये घेऊन काम करावयाचे असल्यास चाकांच्या मध्यांतील अंतर ओळींमधील अंतराच्या पूर्ण पटीत ठेवतात. उदा., ४५ सेंमी.वर पेरलेल्या सोयाबीनमध्ये ते ९० सेंमी. ठेवल्यास दोन ओळी मध्ये राहतात व प्रत्येक चाक दोन ओळींमधील जागेच्या मध्यातून जाते. कापूस १२० सेंमी.वर असेल, तर ट्रॅक्टर दोन ओळींमधूनच नेता येतो. चाकांच्या मध्यांतील अंतर ७० सेंमी. व टायरची रुंदी २० सेंमी. असल्यास बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी ९० सेंमी. होते आणि दोन्ही बाजूंस १५ सेंमी. जागा उरते. झाडांचा घेर वाढल्यावर मात्र हे काम थांबवावे लागते.

मागील डिस्क खोलगट असल्याने ती उलटी बसविल्यास चाक आत किंवा बाहेर सरकते. काही ट्रॅक्टरांत रिम व डिस्क यांचा जोडही सुटा करता येतो, त्यामुळे अंतराचे अनेक टप्पे मिळतात. येथे एक चूक वारंवार होते. डिस्कसह संपूर्ण चाक उलटे करून त्याच बाजूस बसविले, तर लगांची दिशाही उलटते. त्यामुळे चाक उलटताना डावे चाक उजवीकडे व उजवे डावीकडे बसवावे लागते. दिशा योग्य असल्याची खूण सोपी आहे : ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले असता लगांचे टोक घराच्या छपराप्रमाणे वर दिसले पाहिजे. दिशा उलटी असल्यास लगांमधील चिखल नीट बाहेर पडत नाही व पकड घटते. मागील अंतर बदलल्यावर पुढील आसाची लांबीही त्यास अनुरूप ठेवतात आणि सुकाणूच्या जोडदांड्याची लांबी पुन्हा जुळवितात.

अंतर कमी करताना तोलाचा विचार अपरिहार्य आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी. उंच धरल्यास १०० सेंमी. अंतराच्या चाकांवर स्थिर उभा असलेला ट्रॅक्टर स्थूलमानाने ४२° आडव्या उतारापर्यंत उलटणार नाही. अंतर ७० सेंमी. केल्यास ही मर्यादा सु. ३२° वर येते. चालत्या ट्रॅक्टरच्या बाबतीत खड्डा, बांध, वळण व मागे उचललेले अवजार यांमुळे ती याहून बरीच खाली येते. बालाघाटातील उताराच्या शेतात, बांधाच्या कडेने व ट्रॉली ओढताना चाके शक्य तितकी दूर ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. कोळपणीसाठी जवळ घेतलेली चाके हंगाम संपताच पूर्ववत करणे हिताचे असते.

टायरचे माप बदलणे : मागील टायरचा घेर ६ टक्क्यांनी वाढविल्यास एंजिनाच्या त्याच गतीस ट्रॅक्टर ६ टक्के अधिक वेगाने धावतो, पण चाकाशी मिळणारी ओढ जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. टायर अंगाला वा मडगार्डला घासणार नाही, रिमची रुंदी पुरेशी आहे व भारक्षमता कमी होत नाही, हेही पाहावे लागते. एका आसावरील दोन्ही टायर सारख्या घेराचे असावेत. एक नवा व एक झिजलेला असल्यास सरळ चालतानाही डिफरेन्शियलवर ताण राहतो.

चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रॅक्टरात अधिक दक्षता लागते. पुढील चाके लहान असल्याने त्यांचे फेरे अधिक व्हावेत अशी दंतचक्रांची योजना असते आणि पुढील चाकांनी मागील चाकांपेक्षा सु. १ ते ५ टक्के अधिक अंतर कापावे अशी अपेक्षा असते. उदाहरणादाखल, मागील चाकाच्या एका फेऱ्यात पुढील चाकाचे १.५५ फेरे होतात असे मानू. पुढील घेर २.०० मी. व मागील ३.०० मी. असल्यास पुढील चाके ३.१० मी. अंतर कापू पाहतात. म्हणजे आघाडी सु. ३.३ टक्के होते. केवळ पुढील टायर बदलून १.९० मी. घेराचे बसविल्यास हे अंतर २.९४५ मी. होऊन पुढील चाके मागे पडतात. मग ती ओढण्याऐवजी अडवू लागतात, टायर लवकर झिजतात व कठीण जमिनीवर दंतचक्रे आणि आस तुटण्याचाही संभव असतो. यास्तव अशा ट्रॅक्टरचे पुढील व मागील टायर निर्मात्याने दिलेल्या जोडीनुसारच घ्यावेत. ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तिकेत ही मापे दिलेली असतात. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर परीक्षण अहवालांतही ती मिळतात.

बदलण्याची रीत : ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करून अवजार काढतात, ब्रेक लावतात व न उचलावयाच्या चाकांना पुढेमागे उटी लावतात. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करतात. नंतर आसाच्या कवचाखाली जॅक लावून चाक उचलतात आणि तेथे मजबूत लाकडी ठोकळा किंवा घोडी देतात. केवळ जॅकवर, विटांवर वा दगडांवर ट्रॅक्टर टेकविणे धोक्याचे आहे. चाकात वजनासाठी पाणी भरलेले असल्यास ते आधी काढून टाकावे लागते. चाक बसविल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतात. तासभर काम झाल्यावर व पुन्हा दुसऱ्या दिवशी ते तपासतात. सैल नटांमुळे डिस्कची भोके लांबट होतात व अखेर चाक निखळते.

रिमवरून टायर काढण्यापूर्वी हवा पूर्ण सोडून वाल्वचा गाभा काढतात. कडेला साबणाचे पाणी लावून टॉमीने ती थोडी थोडी उचलतात. रिम गंजली असल्यास घासून रंगवितात आणि ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावतात. कड रिमवर बसविताना दाब चौ. सेंमी.स सु. २.४ किग्रॅ.पेक्षा (३५ पौंड प्रति चौ. इंच) अधिक नेऊ नये. कड न बसल्यास हवा सोडून पुन्हा साबण लावावा. अधिक दाबाने कड तुटून टायर फुटल्यास जवळचा माणूस दगावू शकतो, म्हणून हवा भरताना लांब नळी वापरून बाजूस उभे राहतात.

हवा व वजन : मागील टायरात शेतकामासाठी सामान्यतः चौ. सेंमी.स सु. ०.८ ते १ किग्रॅ. दाब ठेवतात, रस्त्यावरील वाहतुकीसाठी तो वाढवितात. कमी दाबाने जमिनीशी होणारा स्पर्श वाढून माती कमी दबते, पण डांबरी रस्त्यावर तोच टायर तापतो व लवकर झिजतो. बीड जिल्ह्यातील अनेक मोठे ट्रॅक्टर दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांबरोबर ऊसवाहतुकीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परतल्यावर दाब कमी करणे व झिजलेल्या लगांची तपासणी करणे हे खरिपाच्या तयारीचेच अंग होय.

पकड वाढविण्यासाठी चाकांना बिडाची वजने लावतात किंवा वाल्व सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरतात; यामुळे टायरचा सु. तीन चतुर्थांश भाग भरतो. वजन पुरेसे आहे की नाही हे घसरीवरून कळते. चाकावर खडूची खूण करून मोकळ्या ट्रॅक्टरच्या दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे व नंतर अवजार ओढताना पुन्हा मोजावे. पहिले २९ मी. व दुसरे २५.५ मी. आल्यास घसर सु. १२ टक्के होते. सु. ८ ते १५ टक्के घसर इष्ट मानली जाते. ती अधिक असल्यास इंधन व टायर वाया जातात. फारच कमी असल्यास ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड असून जमीन विनाकारण दबत आहे असे समजावे. वापसा नसताना मात्र कोणतेही चाक काळ्या जमिनीची हानी टाळू शकत नाही. तेव्हा थांबणे हाच उपाय असतो.