आजाराचा माग (लेखांक ९) : हगवणीमागचा जंतू कोणता?

मागच्या आठवड्यात कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणं, कसं करतात ते पाहिलं. आज जनुकीय चाचणी, म्हणजे पीसीआर.

ढोकीकरांना ती अगदीच परकी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गावात कावळे मरून पडले, नमुने भोपाळला गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. असा विषाणू पकडायला याच जातीची चाचणी लागते. त्याच हिवाळ्यात पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत माणसांच्या हातापायांतलं बळ जाऊ लागलं. आजार गुइलेन-बारे, म्हणजे जीबीएस. त्यातल्या अनेकांना काही दिवस आधी जुलाब झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. मग सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं.

पण हे जंतू कल्चरने पकडणं अवघड. कॅम्पिलोबॅक्टर मोठा हट्टी. कमी ऑक्सिजन आणि ४२ अंश उष्णता दिली तरच नीट वाढतो, तेही दोन दिवसांनी. नोरोव्हायरस तर नेहमीच्या प्रयोगशाळेत वाढतच नाही. पीसीआरला जंतू वाढवावा लागत नाही, त्याचा जनुकीय तुकडा पुरतो. नमुना सुमारे ९५ अंशांना तापवला की डीएनएचे दोन धागे सुटतात, थंड होताना प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) नेमक्या जागी चिकटतात, एकाच्या दोन प्रती होतात. अशी ३० आवर्तनं झाली की एका तुकड्याच्या शंभर कोटींवर प्रती! नोरोव्हायरस आरएनएचा, म्हणून त्याचा आधी डीएनए करून घेतात. काही पॅनेल तर वीसहून जास्त जंतू तासाभरात एकदम शोधतात. पण शौचातले पित्तक्षार ही प्रक्रिया रोखतात. म्हणून नमुना आधी शुद्ध करावा लागतो; ते नीट झालं नाही तर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो, आणि कोणतं औषध लागू पडेल हे या चाचणीतून पुरतं कळत नाही. कॉलऱ्याचा संशय असेल तर कल्चर हवंच. प्रत्येक जुलाबाला महागडं पॅनेल करणं मला पटत नाही. साध्या हगवणीत ओआरएस आणि लहान मुलांना झिंक हेच खरं औषध. साथीत मात्र जंतूचं नाव लवकर कळलं, तर विहीर की नळाची गळती, कुठे शोधायचं ते ठरतं.

तेव्हा एका गल्लीत चार घरांना एकदम ढाळ लागले, तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा. ओआरएस लगेच सुरू करा. डॉक्टरांनी नमुना मागितला, तर शक्यतो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी, कोरड्या स्वच्छ डबीत द्या. आणि ग्रामपंचायतीला विचारा, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) शेवटचं कधी पडलं?