घर्षण-विलोडन संस्करण
धातूच्या पृष्ठभागात फिरते हत्यार दाबून, घर्षणाच्या उष्णतेने मऊ झालेला थर न वितळविता घुसळणे व त्यात कठीण चूर्ण मिसळून प्रबलित पृष्ठभाग तयार करणे, या प्रक्रियेस घर्षण-विलोडन संस्करण म्हणतात. यंत्राच्या भागाची झीज मुख्यतः पृष्ठभागी होते. संपूर्ण भाग कठीण केल्यास तो ठिसूळ होण्याचा संभव असतो. केवळ वरचा थर कठीण केल्यास आतील धातूचा चिवटपणा कायम राहतो.

इंग्लंडमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत १९९१ मध्ये शोधून काढलेल्या घर्षण-विलोडन वितळजोडरहित सांधणीच्या पद्धतीवरून हे संस्करण विकसित झाले. राजीव मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूवर सिलिकॉन कार्बाइडाच्या कणांनी प्रबलित असा ५० ते २०० मायक्रॉन जाडीचा थर तयार झाला. कणांचे प्रमाण घनफळाने २७ टक्के असता मूळ धातूची ८५ व्हिकर्झ ही कठिनता सु. १७३ पर्यंत वाढली.

कृती : पृष्ठभागावर अरुंद खाच पाडून किंवा लहान छिद्रे घेऊन त्यांत चूर्ण ठासून भरतात. चूर्ण उडून जाऊ नये म्हणून खुंटी नसलेल्या हत्याराने खाचेचे तोंड प्रथम बंद करतात. नंतर रुंद खांदा व आखूड खुंटी असलेले हत्यार वेगाने फिरवीत खाचेवरून पुढे सरकवितात. खांद्याच्या घर्षणाने उष्णता निर्माण होते, तर खुंटी मऊ धातू घुसळते. कण सर्वत्र सारखे पसरावेत म्हणून बहुधा एकाहून अधिक फेऱ्या देतात. तीव्र विरूपणामुळे धातूचे स्फटिककणही बारीक होतात. कामाचा तुकडा घट्ट जखडता आला, तर भक्कम उभ्या मिलिंग यंत्रावरही हे काम करता येते.

धातू न वितळणे हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियमात सिलिकॉन कार्बाइड मिसळल्यास कणांचे पुंजके होतात, तसेच ॲल्युमिनियम कार्बाइड हे ठिसूळ संयुग निर्माण होऊ शकते. घन अवस्थेत ही विक्रिया बरीच टळते.

ओतकामातील उपयोग : कोल्हापूर परिसरातील शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इ. औद्योगिक क्षेत्रे ओतकामासाठी प्रसिद्ध आहेत. अशा केंद्रांच्या दृष्टीने ही प्रक्रिया लक्षणीय असली, तरी धातूनुसार तिची उपयुक्तता बदलते. ॲल्युमिनियम-सिलिकॉन ओतीव भागांत घुसळण्यामुळे सूक्ष्म छिद्रे बुजतात व सुईसारखे सिलिकॉन कण तुटून चिवटपणा वाढतो. बिडाच्या बाबतीत चूर्ण न घालताही, घुसळल्यानंतरच्या जलद शीतनाने पृष्ठभाग कठीण होऊ शकतो. परंतु त्यासाठी पुष्कळ जास्त तापमान व टंगस्टन कार्बाइडासारख्या महाग द्रव्याचे हत्यार लागते. त्यामुळे बिडाच्या सामान्य भागांसाठी प्रवर्तन तापनाने केलेले कठिनीकरण अनेकदा अधिक सोयीचे ठरते [⟶ ओतकाम].

मर्यादा : कठीण कणांमुळे खुंटी झिजते, तिचे अंश थरात मिसळू शकतात व हत्यार उचलल्यावर शेवटी भोक राहते. गुंतागुंतीच्या आकारांवर ही क्रिया करणे अवघड असते. म्हणून सपाट किंवा साध्या वक्र पृष्ठभागाचा ठराविक पट्टाच झिजत असेल, तेथे ती विशेष उपयुक्त ठरते.