दोन मोटरींची वेगवान बोट : विजेची जुळणी

रेडिओच्या इशाऱ्यावर पळणाऱ्या बोटीत एकाऐवजी दोन मोटरी बसवल्या की ताकद दुप्पट होते, हा हिशेब कागदावर बरोबर असतो. पाण्यात तेवढ्याने भागत नाही. दोन मोटरी, दोन ईएससी (मोटरचा वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि दोन पंखे एकाच तालात चालले तरच बोट सरळ जाते. एक बाजू जराशी मागे पडली तर सुकाणू तिच्याशी झगडत बसते, आणि एक बाजू अचानक बंद पडली तर भर वेगात बोट गिरकी घेऊन उलटते. म्हणून अशा बोटीची उभारणी ही मुख्यतः दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याची आणि प्रचंड करंट सांभाळण्याची कामगिरी आहे.

रेडिओवर चालणारी पहिली बोट विजेचीच होती. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती हौदात फिरवून दाखवली. पुढे मॉडेल बोटींचा खेळ युरोपात रुजला आणि १९५९ साली ‘नाविगा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. वेगाच्या शर्यतीत मात्र बरीच वर्षे इंजिनाच्या बोटी पुढे असत, कारण शिसे आणि निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या जड पडत. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो, बॅटरी आल्यावर चित्र पालटले.

दोन मोटरींसाठी बहुतेक कॅटामरानच निवडतात. तिचे दोन अरुंद सांगाडे मधल्या बोगद्याने जोडलेले असतात. प्रत्येक सांगाड्यात एक मोटर व एक बॅटरी बसते, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखे वाटले जाते. एकाच मोठ्या पंख्याच्या बोटीला पंख्याच्या फिरण्याच्या दिशेमुळे एका अंगाला कलण्याची खोड असते. दोन पंखे परस्परविरुद्ध फिरवले की ती खोड मोडते. खर्च मात्र दुप्पट, आणि बिघडणाऱ्या वस्तूही दुप्पट.

ब्रशलेस मोटर समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळे शिक्षण लागत नाही. तिच्यातून तीन वायरी निघतात, कारण ती तीन फेजवर चालते. बोअरची मोटर उलटी फिरून पाणी कमी फेकू लागली की स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करतात. बोटीतही एक मोटर उलट फिरवायची तर नेमके तेवढेच करायचे. फरक आतल्या रचनेत आहे. पंपाची मोटर इंडक्शनची असते, तर बोटीच्या मोटरच्या रोटरवर कायम चुंबक असतात, आणि बॅटरीच्या डीसी विजेपासून तीन फेज तयार करण्याचे काम ईएससी करते. २०२३ पासून त्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीला थांबणारी मुंबई–सोलापूर वंदे भारतही तारेतल्या सिंगल फेजपासून आपले तीन फेज गाडीतच बनवते.

मोटरवरचा ‘३६७४’ हा आकडा तिचे माप सांगतो : व्यास ३६ मिलिमीटर, लांबी ७४. दुसरा आकडा केव्हीचा, म्हणजे एका व्होल्टला बिनलोडाचे किती फेरे. २००० केव्हीची मोटर चार सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या, लायपोवर मिनिटाला २९,६०० फेरे घेते. लोड आल्यावर त्यातले ८५ टक्के उरतात असे धरले, तर सुमारे २५,००० मिळतात. दोन्ही मोटरी एकाच जातीच्या, शक्यतो एकाच खेपेच्या घ्याव्यात. त्यावरही भिस्त ठेवू नये. सारख्या व्होल्टेजवर बिनलोड फिरवून दोघींचे फेरे आणि करंट मोजावा. फरक दिसलाच तर तो खरेदीनंतर लगेच दिसलेला बरा.

पंखा हा या सगळ्या साखळीतला सर्वांत स्वस्त भाग, पण लोड तोच ठरवतो. वेगवान बोटीचा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून फिरतो. ऑक्ट्युरा कंपनीच्या ‘एक्स-४४०’ पंख्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे ५६ मिलिमीटर. एका फेऱ्यात घसर नसती तर बोट ५६ मिलिमीटर पुढे सरकली असती. २५,००० फेऱ्यांना हा वेग ताशी ८४ किलोमीटर होतो, आणि १५ टक्के घसर वजा केली तर ७१–७२. आता कोणी म्हणेल, ४२ मिलिमीटरचा लावू, दोनच मिलिमीटर तर जास्त. पण त्याच फेऱ्यांना पंख्याचा लोड व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. ४० चे ४२ केले की लोड जवळपास २८ टक्क्यांनी चढतो. हौशी माणसाच्या जळालेल्या मोटरीमागे बहुधा हेच दोन मिलिमीटर असतात. तापून चुंबक एकदा कमजोर झाले की नवे वाइंडिंग करूनही मोटर पहिल्यासारखी होत नाही.

अशा बोटीत प्रत्येक मोटर सरासरी ७५ अँपिअर ओढते असे धरू. लोडखाली बॅटरी १४ व्होल्टवर आली तरी दोन्ही मिळून २,१०० वॅट होतात, म्हणजे जवळपास तीन हॉर्सपॉवर. विहिरीवरचा तीन हॉर्सपॉवरचा पंप ४१५ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याच्या एका फेजमधून पाच अँपिअरच्या आसपासच करंट जातो. बोट तेवढीच ताकद दीडशे अँपिअर ओढून मिळवते. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्यामुळे चारऐवजी सहा सेल, म्हणजे २२.२ व्होल्ट, लावून केव्ही त्याच प्रमाणात कमी घेतला, तर तेवढ्याच ताकदीला करंट दोन-तृतीयांश होतो आणि त्याच वायरीतली उष्णता निम्म्याहून खाली येते. मोठ्या बोटींना जास्त व्होल्ट आणि कमी केव्ही हीच वाट शहाणपणाची. चार सेलवरच जास्त केव्हीची मोटर पिळत बसणे म्हणजे पैसे उष्णतेवर घालवणे.

ईएससी प्रत्येक मोटरला स्वतंत्र लागते. एका ईएससीवर दोन ब्रशलेस मोटरी चालवता येत नाहीत, कारण रोटर कुठे आहे हे ती त्या एका मोटरच्या वायरीतल्या उलट दाबावरून ओळखते. सरासरी करंट ७५ असेल तर १२० अँपिअरच्या खालची घेऊ नये. सुटताना आणि वळणात करंट बराच वर उसळतो. बॅटरी लांब पडली तर वाढवायची वायर ईएससी आणि मोटरच्या मधली, बॅटरीकडची नव्हे. बॅटरीकडची लांब झाली की तिच्या इंडक्टन्समुळे ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके बसतात आणि आतले कॅपॅसिटर फुगतात. वायर लांबवणे टळतच नसेल तर ईएससीजवळ जादा कॅपॅसिटर डाक देऊन बसवावेत.

बॅटऱ्यांची मांडणी दोन प्रकारे होते. प्रत्येक मोटरला तिची बॅटरी दिली की वायरी आखूड राहतात, पण एक बॅटरी आधी उतरली की तिकडची ईएससी आधी ताकद तोडते आणि बोट वळते. दोन्ही बॅटऱ्या पॅरलल जोडून दोन्ही ईएससींना एकाच ठिकाणून वीज दिली तर दोन्ही बाजू बरोबरच उतरतात. मात्र जोडण्यापूर्वी दोन्हींचे व्होल्टेज सारखे हवे, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीत धावते. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतले ८० टक्के वापरायचे तर ७५ अँपिअरला जेमतेम तीन मिनिटे मिळतात. इतकी खटपट तीन मिनिटांसाठी! बॅटरीवर छापलेला ‘सी’चा आकडा, म्हणजे ती क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते तो, अर्धाच खरा धरून चालावे.

रिसीव्हरला वीज देणारे बीईसी दोन्ही ईएससींमध्ये असते. दोन्ही एकदम रिसीव्हरला जोडू नयेत. एकीच्या सिग्नल केबलमधली लाल वायर सॉकेटमधून उपसून टेप लावून ठेवतात. काळी वायर तशीच राहते. ही बारीक काळी वायर दुर्लक्षित असते, आणि धोका तिच्यातच आहे. पॅरलल बॅटऱ्यांच्या बोटीत एका ईएससीचा जाड निगेटिव्ह कनेक्टर सैल होऊन सुटला, तर तिचा सगळा करंट सिग्नलच्या काळ्या वायरीतून दुसऱ्या बाजूला वाट शोधतो. केसासारख्या तारा क्षणात वितळतात आणि रिसीव्हर जळतो. म्हणून कनेक्टर घट्ट, आणि डाक आतपर्यंत झिरपलेला हवा. त्यानंतर दोन्ही ईएससींना थ्रॉटलची टोके एकेक करून शिकवावी लागतात आणि दोघींचे टायमिंग सारखे ठेवावे लागते.

मोटरची ताकद पंख्यापर्यंत लवचिक स्टील केबलने जाते. केबलची वीण एका दिशेला असते, लोड आला की आवळणारी. उलट फिरणाऱ्या बाजूला उलट विणीचीच केबल लागते. नेहमीची टाकली तर ती उकलून नळीत फुगते. लोडखाली केबल आखूडही होते, म्हणून पंख्यापुढच्या पकडीत आणि स्ट्रटमध्ये (पंख्याचा दांडा पेलणाऱ्या आधारात) दोन-तीन मिलिमीटर फट ठेवतात.

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो आणि लायपो साठीच्या पुढे खराब होते. घरातून निघतानाच बॅटरी चाळीसवर असेल तर हाताशी उरतात वीस अंश. मोटर आणि ईएससीभोवती तळ्याचेच पाणी नळ्यांतून खेळवतात; दोन्ही बाजूंच्या नळ्या स्वतंत्र ठेवल्या की एकीत गाळ अडकला तरी दुसरी चालू राहते. बॅटरीला हे पाणी मिळत नाही. तिला सकाळची वेळ, सावली आणि बंद गाडीबाहेरची जागा लागते.

जागेचा प्रश्न वेगळाच. डाळिंबाच्या बागांशेजारी ३० बाय ३० मीटरची शेततळी पाण्याने भरलेली दिसतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. तळे दीड सेकंदात संपते आणि पुढे प्लास्टिकच्या अस्तराचा उतार. त्यात फार तर पाणी कुठून शिरते आणि बोट किती कलते एवढेच तपासावे. माढा तालुक्यातल्याच उजनी धरणाचा यशवंतसागर अफाट आहे, पण त्यात मासेमारांची जाळी आणि जलपर्णी असते, आणि हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात. जाळी किंवा पक्षी दिसतील तिथे ही बोट पाण्यात सोडूच नये. काठावर माणसे नसलेला, तळ मोकळा असलेला पाझर तलाव बरा.

पहिल्या चाचणीला मोजणीपेक्षा लहान पंखा लावतात, जोडी सारखी समतोल केलेली. अर्ध्या मिनिटाच्या फेरीनंतर बोट काठावर घेऊन इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मोटरी, दोन्ही ईएससी, दोन्ही बॅटऱ्या आणि प्रत्येक कनेक्टर तपासतात. डाव्या-उजव्यात दहा अंशांचा फरक दिसला तर तापलेल्या बाजूची केबल, स्ट्रटची उंची आणि पाण्याची नळी आधी पाहावी. मोटरला दोष नंतर. सगळे थंड असेल तर फेरी मिनिटाची करावी, मग पंखा एका मापाने वाढवावा. बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून तोलबिंदू मागच्या टोकापासून लांबीच्या २८ ते ३२ टक्क्यांवर आणतात. फार मागे गेला तर वाऱ्याची झुळूक बोगद्यात शिरून बोट उचलते.

रेडिओचे फेलसेफ काठावरच तपासावे : पंखे काढून, थोडे थ्रॉटल देऊन ट्रान्समीटर बंद करायचा, दोन्ही मोटरी एकदम थांबायला हव्यात. खेळ संपल्यावर बॅटऱ्या थंड होऊ द्याव्यात आणि प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणूनच ठेवावा. फुगलेला सेल पुन्हा चार्जरला लावू नये. मिठाच्या पाण्यात वगैरे न घालता तो ई-कचऱ्याकडे द्यावा.