वाक्यात उपयोग करा, पण कधी आणि कसा?

'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न सोडवत आपण सगळे मोठे झालो. बेंगळुरूत नोकरीसाठी आलेली मराठी मुलं-मुली इंग्रजी सुधारायला शब्दांची वही करतात, तेव्हा ही सवय सोबत येतेच. सवय उत्तम आहे, पण तिच्याभोवतीचे काही समज चुकीचे आहेत.

सगळ्यांत पक्का समज असा, की नवा शब्द भेटला की लगेच वाक्य लिहावं, म्हणजे तो डोक्यात बसतो. संशोधक जो बारक्रॉफ्ट यांनी २००४ मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात उलटंच दिसलं. कोरा करकरीत शब्द समोर ठेवून लगेच वाक्य रचायला लावलं, तेव्हा शब्द कमी लक्षात राहिले. सगळी ताकद वाक्य जुळवण्यात जाते आणि शब्दाकडेच दुर्लक्ष होतं. म्हणून आधी तो दोन-चार ठिकाणी वाचा, ऐका, मोठ्याने म्हणा. वाक्य दुसऱ्या दिवशी लिहा.

एकदा वाक्य लिहिलं की शब्द आपला झाला, हेही खरं नाही. कीथ फोल्स यांच्या २००६ च्या अभ्यासात स्वतःचं एक वाक्य लिहिण्यापेक्षा त्याच शब्दाच्या तीन रिकाम्या जागा भरण्याचा फायदा जास्त झाला. शब्द किती वेळा आठवून काढला, याला मोल आहे. समोर शब्द ठेवून दहा वाक्यं खरडली, तर आठवावं काहीच लागत नाही.

आता वहीतलं एक वाक्य बघा: 'ही इज रिलक्टंट.' व्याकरण बिनचूक, पण इथे 'हॅपी' किंवा 'टॉल' घातलं तरी चालेल. मग अर्थ कुठे दिसला? त्याऐवजी 'शी वॉज रिलक्टंट टू लीव्ह मल्लेश्वरम, बिकॉज द रेंट वॉज लो.' आता नाखुशी दिसते, तिचं कारण दिसतं, आणि शब्दापुढे 'टू' येतो हेही कळतं. शब्दाच्या अशा सोबत्यांकडेच आपलं लक्ष नसतं. 'विषयी चर्चा' मनात असते म्हणून आपण 'डिस्कस अबाउट' लिहितो; इंग्रजीत नुसतं 'डिस्कस' पुरतं. 'जोराचा पाऊस' म्हणजे 'स्ट्राँग रेन' नव्हे, 'हेवी रेन'.

वाक्याला काही कामही असावं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ दरम्यानचा प्रयोग जगभर 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. त्यात दक्षिण भारतातली शाळकरी मुलं नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं वाचून प्रश्न सोडवत. व्याकरणाचे वेगळे धडे नव्हते. लक्ष अर्थावर राहिलं की भाषा आत झिरपते, ही त्यांची धारणा. घरमालकाला पाठवायचा निरोप किंवा ऑफिसातला ईमेल हीच तुमची उदाहरणवाक्यं समजा.

आज रात्री गेल्या आठवड्याचं पान उघडा, नवे शब्द हाताने झाका आणि वाक्यातली जागा आठवून भरा. जिथे अडाल, तो शब्द उद्याच्या एका खऱ्या निरोपात वापरा.