खुब्यातला पू ओळखताना

बोलता न येणारं मूल आपला आजार पायाने सांगतं. मांडी किंचित दुमडलेली, अंगापासून लांब, बाहेर वळवलेली. लंगोट बदलताना पाय हलला की किंकाळी. खुब्याच्या सांध्यात पू साचला, की सांध्याभोवतीच्या पिशवीत ज्या स्थितीत सर्वांत जास्त जागा होते, नेमकी तीच स्थिती ते मूल स्वतः शोधून काढतं! नवजात बाळ मात्र पाय नुसता निपचित ठेवतं. ताप असेलच असं नाही.

घाई करायची ती या सांध्याच्या रचनेमुळे. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्या पिशवीच्या आतूनच वर चढतात. पुवाचा दाब वाढला की त्या दबतात आणि माथा उपाशी मरू लागतो. हाडाची मानही बरीचशी पिशवीतच असल्याने हाडात सुरू झालेला जंतुसंसर्ग थेट सांध्यात फुटतो. तान्ह्या बाळात तर काही वाहिन्या वाढीच्या कूर्चेतून आरपार माथ्यात जातात.

घाटकोपरच्या राजावाडी किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात सर्दीतापानंतर लंगडत आलेल्या मुलाचा सांधा बहुधा फक्त सुजलेला असतो. विश्रांतीने तो काही दिवसांत बरा होतो. या साध्या सुजेला पुवापासून वेगळं कसं काढायचं? १९९९ साली बोस्टनच्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी चार खुणा निवडल्या: ताप, पायावर भार न देणं, ईएसआर (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग) किमान ४०, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या रुग्णांत दोन खुणा असल्या तर पुवाची शक्यता ४० टक्के, तीन असल्या तर ९३. इतर रुग्णालयांत मात्र आकडे एवढे ठाम निघाले नाहीत. म्हणून मला वाटतं, या खुणा डॉक्टरांच्या हाताला सोबत म्हणूनच ठेवाव्यात.

दुखतंय कुठे, यावरही विसंबता येत नाही. खुबा आणि गुडघा यांच्या नसा सामाईक असल्याने मूल कधीकधी गुडघ्याकडेच बोट दाखवतं.

तान्ह्या बाळाचा माथा कूर्चेचा असल्याने एक्स-रेत दिसतच नाही. सोनोग्राफीत सांध्यातलं पाणी दिसतं, पण ते पू आहे का, हे सुईने काढूनच कळतं. पू निघाला तर सांधा तातडीने उघडून धुतात. दुखणं आठवडे-महिने रेंगाळलेलं असेल, तर मुंबईत क्षयाचीही शंका घ्यावीच लागते. तेव्हा नमुना जनुकीय तपासणीलाही जातो. क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतील का, दोन्ही उत्तरं सुमारे दोन तासांत मिळतात.