बाळ येतंय... यादी जरा दाखवा बरं!

सातवा महिना. दिवा-रोहा मेमूची खिडकी आणि मांडीवर लॅपटॉप. माहेरी पेणला निघाले होते आणि वाटेत एक्सेल शीट भरत होते. शीटचं नाव ‘बेबी फायनल’, आयटम ४७. प्रॅम, बॉटल स्टरिलायझर, वाइप्स गरम करायचं मशीन (हो, असतं असं!), बेबी मॉनिटर. खाली टोटल आली ६८ हजार. मी शीट बंदच करून टाकली.

कारण साधं होतं. तुम्हा नोकरदार मैत्रिणींना २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आम्ही फ्रीलान्सर. लेख नाही तर चेक नाही. ६८ हजार म्हणजे माझे घरी बसायचे तीन महिने. प्रॅम की तीन महिने, असा सरळ हिशेब होता.

पेणला आजीने माझी शीट ऐकली आणि काही न बोलता ट्रंक उघडली. आत बाळंतविडा! जुन्या सुती साड्यांची दुपटी, मागे नाडीची झबली, टोपडी, कुंची, दोन गोधड्या आणि लंगोटांचा ढीग. ‘हे तुझ्या आईचं, हे तुझं. नवीन कापड टोचतं पोराला,’ आजी म्हणाली. शीटमधल्या १८ ओळी तिथल्या तिथे डिलीट. खरं सांगते, डिलीट बटण दाबताना इतका आनंद कधीच झाला नव्हता.

दुसरी यादी मिळाली शेजारच्या वहिनीकडे. पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, म्हणून तिला अंगणवाडीतून बेबी केअर किट मिळालं होतं. राज्य सरकारने २०१९ मध्ये ही योजना सुरू केली तेव्हा किटची किंमत साधारण २ हजार रुपये धरली होती. आत छोटी गादी, मच्छरदाणी, ब्लँकेट, थर्मामीटर, नेलकटर, खुळखुळा असलं सामान. फिनलंडमध्ये असा खोका १९३८ पासून देतात, १९४९ पासून तर सगळ्याच आयांना. खोक्याच्या तळाशी गादी असते, बाळ त्यातच झोपतं. म्हणजे हेलसिंकी असो की पेण, सरकार जेव्हा पैसे मोजून यादी करतं तेव्हा त्यात वाइप्सचं मशीन येत नाही!

आता आजीच्या ट्रंकेतलं सगळंच चाललं का? छे. लेक जूनच्या शेवटी झाली. कोकणातला पाऊस, दिवसाला डझनभर लंगोट आणि घरभर दोऱ्या. पंख्याखाली, गॅसच्या ओट्यावर, देवघराच्या दारात, सगळीकडे लंगोट. पेणमध्ये त्या दिवसांत कारखान्यातल्या गणपतींना सुकायला जागा मिळते, आमच्या लंगोटांना मिळेना. ओलसर कपड्याने तिला पुरळ आलं, तेव्हा मी रात्रीपुरते डायपर आणले. आजी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या रात्री सगळे सलग तीन तास झोपलो आणि विषय संपला. बाळगुटीवर मात्र खरं भांडण झालं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहाण परत फडताळात गेली.

बाटल्या आणि स्टरिलायझर मी घेतलेच नाहीत. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला किंवा खपासाठी आमिष दाखवायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे किती जणांना माहीत असतं? डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर तेव्हा घ्यावं की. वॉकरही नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यात बसून पोरं जिन्यावरून खाली येतात.

नऊ आठवड्यांची असताना आम्ही रोह्याला सासरी होतो. रात्री दीडला ती दूध पिईना. ‘गोधडीत गुंडाळल्ये म्हणून कढत लागतंय,’ सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मग शीटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर, काढला. १०१.२. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, हे पेणच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं. फोन केल्यावर ते म्हणाले, निघा.

नवऱ्याने गाडी काढली. सासूबाईंनी तिला मांडीवर घ्यायला हात पुढे केले आणि मी तिला मागच्या कार सीटमध्ये बांधलं. सगळ्या शीटमधली ही एकच महागडी खरेदी, तीही नवी कोरी. जुनी सीट आधी अपघातातून गेली आहे का, ते बघून कळत नाही. ‘आई, मांडीवर नको. जोरात ब्रेक लागला तर आपल्या हातांत ती राहणार नाही.’ त्या रागावल्या. नवरा म्हणाला, ‘अगं आई, कायदाच आहे.’ आहेच. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत मुलांना न बांधता गाडीत नेल्यास हजार रुपये दंड आहे. नागोठणे, वडखळ, मुंबई-गोवा हायवेचे ते प्रसिद्ध खड्डे, रात्रीचे ट्रक. सासूबाई पूर्ण वेळ सीटच्या कडेला हात धरून बसल्या होत्या.

लघवीचं इन्फेक्शन निघालं. चार दिवस ॲडमिट, मग घरी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, ताप किती आणि कधी मोजला?

आता ती नऊ महिन्यांची आहे. नवऱ्याला तिला बाइकवरून फिरवायचंय, पण २०२२ च्या नियमानुसार त्यासाठी हार्नेस आणि हेल्मेट लागतं. म्हटलं, थांब जरा.

आणि प्रॅम? ती मी घेतली नाही, पण नवऱ्याच्या ऑफिसने गिफ्ट दिलीच. आमच्या गल्लीत फूटपाथ नाही, त्यामुळे लेक त्यात एकदाच बसली. सध्या आजी तिच्यातून बाजारातले कांदे-बटाटे आणते. म्हणते, चाकं चांगली आहेत.